शिवाजी विद्यापीठात नव्याने येताय? एक फाइल अभ्यासाची, एक मैदानाची

मी निपाणीकडचा. बारावी म्हणजे पीयूसी कर्नाटक बोर्डाची, बी.एस्सी. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न एका महाविद्यालयात आणि एम.एस्सी. कोल्हापूरच्या आवारात. मध्ये कबड्डी. पहिल्या वर्षी महाविद्यालयाच्या संघात निवड झाली तेव्हा क्रीडाशिक्षकांनी विचारलं, "पात्रता झाली का रे?" मी छाती काढून म्हणालो, "झाली की सर, निवड चाचणीत पहिल्या सातात आहे." सर हसले. ते विचारत होते पात्रता प्रमाणपत्राबद्दल. परराज्याच्या बोर्डातून आलेल्या मुलाला विद्यापीठाकडून घ्यावा लागणारा हा कागद. मी घेतलेला नव्हता, कारण त्यासाठी लागणारा स्थलांतर दाखला (मायग्रेशन सर्टिफिकेट) मी अजून बोर्डाकडून आणलाच नव्हता. त्या मोसमात मी मैदानाच्या कडेला बसलो आणि पहिल्या सत्राचा निकालही राखून ठेवला गेला. चूक सर्वस्वी माझी होती. सूचनाफलकावर यादी लागलेली, त्यात माझं नाव, आणि मी फलक वाचत नव्हतो.

या विद्यापीठात अभ्यास आणि खेळ या दोन वाटा वेगळ्या दिसतात, पण दोन्हीकडे दारातला पहारेकरी एकच असतो आणि त्याचं नाव पात्रता. म्हणून पुढचं सगळं त्या अंगाने लिहिलंय.

१. आधी तुमचं विद्यापीठ कोणतं ते नक्की करा

हास्यास्पद वाटेल, पण दर वर्षी काही मुलं इथेच चुकतात. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी सुरू झालं. उद्घाटन तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी केलं, पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. सुरुवातीला सोलापूरही यातच होतं. २००४ मध्ये सोलापूरचं वेगळं विद्यापीठ झालं आणि आता कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचं आहे.

पण या तीन जिल्ह्यांतलं प्रत्येक महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाचं नसतं. वैद्यकीयवाले नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे, कृषीवाले राहुरीकडे, अभियांत्रिकीतले काही लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे. साताऱ्यात २०२१ साली कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झालं, त्यामुळे शहरातली तीन जुनी महाविद्यालयं तिकडे गेली. शिवाय खासगी आणि अभिमत विद्यापीठं आहेतच. स्वायत्त महाविद्यालय असेल तर पदवी शिवाजी विद्यापीठाचीच मिळते, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालय स्वतः ठरवतं. तिथे विद्यापीठाचं वेळापत्रक डाउनलोड करून बसलात तर परीक्षा चुकेल.

खेळणाऱ्यांनी तर हे पक्कं करूनच घ्यावं. तुमच्या छातीवर कुठल्या विद्यापीठाचं नाव येणार, ते प्रवेशाच्या दिवशीच ठरतं, आणि एका शैक्षणिक वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही.

२. कागदपत्रं: प्रवेशाच्या आधीच्या आठवड्यात

ही यादी भिंतीवर चिकटवा:

- दहावी आणि बारावीची गुणपत्रकं व प्रमाणपत्रं
- शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड आणि आधारशी जोडलेलं स्वतःच्या नावाचं बँक खातं
- अधिवास दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर
- मध्ये वर्ष गेलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र
- दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आला असाल तर स्थलांतर दाखला
- फोटो, एकाच दिवशी काढलेले, डझनभर

शेवटची ओळ चेष्टा नाही. प्रवेश अर्जावर एक चेहरा, परीक्षेच्या अर्जावर दुसरा आणि क्रीडा पात्रता अर्जावर दाढी वाढलेला तिसरा, असं झालं की स्पर्धेच्या ठिकाणी छाननी करणारा माणूस तुमच्याकडे संशयाने बघतो.

सोडल्याचा मूळ दाखला एकदा महाविद्यालयाने जमा करून घेतला की सहजासहजी हातात येत नाही. देण्याआधी पाच सत्यप्रती करून घ्या. स्थलांतर दाखल्यासाठी जुन्या बोर्डाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून निकाल लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज टाका. 'प्रवेश तर मिळाला' असं म्हणून निवांत होऊ नका. तो प्रवेश तात्पुरता असतो आणि पात्रता झाल्यावरच कायम होतो.

नावाची जुळणी हा दुसरा खड्डा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आईच्या नावात एक वेलांटी इकडची तिकडे. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या, उलट नको.

सीमाभागातल्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांपैकी एखाद्या गावचे असाल आणि मातृभाषा मराठी असेल, तर राज्याच्या व्यावसायिक प्रवेशप्रक्रियेत सीमाभागातले उमेदवार म्हणून वेगळी नोंद होते. त्यासाठी लागणारे दाखले विहित नमुन्यातच लागतात. नमुना आधी छापून घ्या आणि मगच कचेरीची पायरी चढा. साध्या कागदावर आणलेला दाखला घेऊन मी एकदा परत गेलोय. निपाणी ते कोल्हापूर अंतर फार नाही, पण त्या दिवशी फार वाटलं.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा असतो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या दोन योजनांची नावं लक्षात ठेवा. अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या लॉगिनवरून पुढे गेला का, हे तुम्हालाच बघावं लागतं. विद्यार्थी भरतो आणि विसरतो, महाविद्यालयाला वाटतं विद्यार्थ्याने कागद जोडले नाहीत, आणि मुदत निघून जाते.

३. क्रेडिटचा हिशेब वहीत ठेवा

नवीन शैक्षणिक धोरणाने पदवीचा आराखडा बदललाय. पहिलं वर्ष पूर्ण करून थांबलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथं केलंत तर ऑनर्स. प्रत्येक सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांना १६० ते १७६. तासिकेच्या विषयात एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकात ३०.

वेळापत्रकावर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एईसी, आयकेएस असली अक्षरं दिसली की घाबरायला होतं. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय. मायनर म्हणजे जोडीचा. ओई म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा विषय. विज्ञानवाल्याने इथे बिनधास्त वाणिज्य किंवा कला घ्यावी. बाकीची लहान लहान क्रेडिटं कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली यांची. मुलं नापास होतात ती याच लहान विषयांत, कारण 'ते काय, होतंय की' असं म्हणत कुणी वर्गात जात नाही. मेजरला नव्वद आणि पर्यावरणात एटीकेटी (म्हणजे विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात) अशी गुणपत्रकं मी स्वतः पाहिली आहेत. सहअभ्यासक्रमाच्या खान्यात राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, योग, सांस्कृतिक उपक्रम यांच्याबरोबर क्रीडाही असते. खेळणाऱ्याने ती निवडली नाही तर करंटेपणाच.

डिजिलॉकरमधून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं पहिल्याच महिन्यात काढा. क्रेडिट तिथे जमा होतात आणि महाविद्यालय बदलायचं झालं तर तिथूनच पुढे नेता येतात. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, पाठ करा. पुढची सगळी वर्षं खिडकीपलीकडचा माणूस तुमचं नाव विचारणार नाही, पीआरएन विचारेल.

गुणांबद्दल शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, विषयाच्या प्राध्यापकांना दाखवा आणि मगच पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. रागाच्या भरात सगळ्या विषयांचे अर्ज भरणारे पैसे घालवून बसतात. आणि मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, गुणपत्रक हातात आल्यापासून नव्हे.

४. आवारात शिकणार असाल तर

पदव्युत्तर विभागांना इथे 'अधिविभाग' म्हणतात. पहिल्या दिवशी 'डिपार्टमेंट कुठाय' विचारलं तरी चालेल, पण सगळे अर्ज 'मा. अधिविभागप्रमुख' असेच लिहायचे. अनेक अभ्यासक्रमांना विद्यापीठाची प्रवेश परीक्षा असते, तिच्या अर्जाची मुदत पदवीच्या शेवटच्या परीक्षेच्या धांदलीत येते आणि निसटते.

२०२१ मध्ये नॅकने, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेने, विद्यापीठाला ए++ श्रेणी दिली. पण श्रेणी पूर्ण संस्थेची असते, तुम्ही शिकणार एका अधिविभागात. तिथल्या दोन मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांशी बोला: प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते, प्रकल्प कुठे होतात, पुढे कोण कुठे लागलं. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची संशोधनाची परंपरा मोठी आहे, वनस्पतिशास्त्राचं स्वतःचं वनस्पती उद्यान आहे, भाषेवाल्यांसाठी वि. स. खांडेकर भाषा भवन, जिथे खांडेकरांचं स्मृती संग्रहालयही आहे. अभ्यासाला बसायचं ठिकाण म्हणजे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र, म्हणजे ग्रंथालय. परीक्षेच्या दिवसांत जागा सकाळीच धरावी लागते.

आवार जवळपास ८५३ एकरांचं. महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापासून आत चालत निघालात तर कुठल्या अधिविभागाला किती वेळ लागेल याचा अंदाज पहिले पंधरा दिवस चुकतो. सायकल आणा.

घरची परिस्थिती बेताची असेल तर 'कमवा व शिका' योजनेची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करा. आवारातच काही तास काम करायचं आणि शिकायचं. जागा मोजक्या, मुलाखत होते. या योजनेतून शिकून प्राध्यापक झालेली माणसं तुम्हाला याच आवारात भेटतील, आणि ती हे लपवत नाहीत.

५. मैदानाची शिडी

या तीन जिल्ह्यांना खेळ शिकवायला नको. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकले कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आणि सांगलीचा संकेत सरगर, वडिलांची पानटपरी, स्वतः शिवाजी विद्यापीठाचा इतिहासाचा विद्यार्थी. २०२० च्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत विजेता, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य, तेही कोपर दुखावलेलं असताना. मला यातलं 'इतिहासाचा विद्यार्थी' हे सगळ्यात आवडतं. खेळाडूने शारीरिक शिक्षणच घ्यायला हवं असं कुठेही नाही.

शिडी अशी चढायची:

पहिली पायरी महाविद्यालयाचा संघ. जिमखान्याच्या फलकावर निवड चाचणीची तारीख लागते, बहुतेक वेळा प्रवेशानंतर लगेच. अधिविभागातल्या विद्यार्थ्यांनी आवारातल्या क्रीडा अधिविभागातच चौकशी करायची. दुसरी पायरी विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, म्हणजे आपापल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांशी. तिथून आंतरविभागीय: कोल्हापूर, सांगली, सातारा समोरासमोर. कुस्ती किंवा कबड्डीत हीच पायरी सगळ्यात अवघड, हे मी अनुभवाने सांगतो. बाहेरच्या विद्यापीठांशी खेळणं त्यापुढे सोपं वाटावं इतकी.

इथे खेळ पाहून निवड समिती संभाव्य खेळाडू निवडते, सराव शिबिर होतं आणि मग विद्यापीठाचा संघ. पुढे भारतीय विश्वविद्यालय संघाच्या (एआययू, देशातल्या विद्यापीठांची संघटना) स्पर्धा. सांघिक खेळांत आधी पश्चिम विभाग, ज्यात महाराष्ट्रासोबत गुजरात, राजस्थानसारख्या राज्यांतली विद्यापीठं येतात, आणि तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला. कुस्ती, भारोत्तोलन, मैदानी खेळ यांत सहसा थेट अखिल भारतीय. तिथल्या आघाडीच्यांनाच खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचं दार उघडतं. राज्यपातळीवर 'अश्वमेध' हा आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव वेगळा. 'इंद्रधनुष्य' कलेचा आणि 'आविष्कार' संशोधनाचा. नावांची गल्लत करून चुकीचा अर्ज भरणारे भेटलेत मला.

सापळे तीन.

माती आणि मॅट. तालमीत मातीवर वाढलेला पैलवान मॅटवर पहिल्या मिनिटात घसरतो, गुणांची पद्धत वेगळी, वेळ कमी, थंड डोक्याने खेळायची सवय नाही. कबड्डीचंही तेच. अनवाणी मातीवर पकड करणाऱ्याला बूट घालून मॅटवर घोटा सांभाळता येत नाही. स्पर्धेच्या किमान दोन महिने आधी मॅटवर जा, आपल्या महाविद्यालयात नसेल तर दुसऱ्याकडे विनंती करा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

वजन. स्पर्धेच्या आदल्या दिवशी उपाशी राहून, घाम काढून गट बसवणारे दुसऱ्या दिवशी उभे राहत नाहीत. गट ऑगस्टमध्ये ठरवा.

आणि डबा. व्यायामशाळेत कुणीतरी दिलेल्या पावडरीचा डबा. नाडाची (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) उत्तेजक चाचणी विद्यापीठ पातळीवरही होऊ शकते, आणि 'मला माहीत नव्हतं' हे तिथे उत्तर धरत नाहीत. सर्दी-खोकल्याचं औषधसुद्धा डॉक्टरला 'मी खेळतो' असं सांगून घ्या.

६. खेळाची फाइल

आंतरविद्यापीठ पात्रता अर्जाला लागतं ते असं: दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावीचं गुणपत्रक, चालू वर्षाची प्रवेश पावती, बोनाफाईड, मागच्या परीक्षेचं गुणपत्रक, ओळखपत्र, आणि फोटोवर अर्धा शिक्का व प्राचार्यांची सही. प्रवेश नियमित हवा. दूरशिक्षणातला प्रवेश चालत नाही. मी खेळत होतो तेव्हा वय १ जुलैला १७ पूर्ण आणि २५ च्या आत लागायचं. तुमच्या वर्षाचं परिपत्रक क्रीडाशिक्षकांकडून मागून स्वतः वाचा, कारण मोसमात ते शंभर मुलांचे अर्ज भरत असतात.

पुन्हा सांगतो: अभ्यासाची पात्रता अडकलेली असेल तर हा अर्ज पुढे जात नाही. खंड असलेल्यांनी, महाविद्यालय बदललेल्यांनी आणि माझ्यासारख्या परराज्याच्या बोर्डवाल्यांनी जुलैमध्येच विचारून मोकळं व्हावं.

प्रत्येक स्पर्धेचं सहभाग प्रमाणपत्र त्याच दिवशी तपासा. नाव, वर्ष, स्पर्धेचा स्तर, क्रमांक. बसमध्ये बसल्यावर 'तृतीय' ऐवजी 'सहभाग' लिहिलेलं दिसलं तर ते दुरुस्त व्हायला महिने जातात.

७. परीक्षा आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आली तर

येतेच. संघाची निवड यादी जाहीर झाली त्या दिवशी प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. सोबत निवडीचं पत्र, स्पर्धेच्या तारखा आणि हुकणाऱ्या चाचण्यांची यादी. पोच घ्या, शिक्क्यासह. अंतर्गत चाचणी आणि प्रात्यक्षिक विषयशिक्षक नंतर घेऊ शकतात, पण ते तुम्ही आधी विचारलंत तर. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचा प्रश्न महाविद्यालयाच्या हातात नसतो, तो परीक्षा विभागाकडे लेखीच जायला हवा, आणि क्रीडा अधिविभागाचं पत्र सोबत असेल तर वजन येतं. परत आल्यावर 'सर, मी खेळायला गेलो होतो' म्हणणाऱ्याला कुणीच काही करू शकत नाही.

हजेरीचंही बघा. ७५ टक्क्यांचा दंडक खेळाडूंनाही आहे. स्पर्धेचे आणि शिबिराचे दिवस धरून घ्यायचे तर त्याचंही पत्र लागतं. मी शिबिरातून आलो की पहिल्याच दिवशी एका कागदावर सगळ्या विषयशिक्षकांच्या सह्या घेत फिरायचो. मित्र 'नगरसेवकाला उभा राहणार काय' विचारायचे.

८. प्रमाणपत्रांचं पुढे काय

राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. मात्र नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते, आणि कुठल्या स्तरावरचा कुठला क्रमांक कुठल्या गटाच्या पदाला चालतो हे शासन निर्णयात ठरलेलं आहे. नुसत्या सहभागावर भिस्त ठेवू नका. पडताळणीला स्पर्धेचा तपशील आणि तुम्ही तेव्हा विद्यार्थी होता याचा पुरावा मागतात, म्हणजे तीच प्रवेश पावती, तेच बोनाफाईड. जाहिरात आल्यावर धावपळ करू नका, पदवीच्या शेवटच्या सत्रातच अर्ज करून ठेवा.

माझ्या दोन्ही फायली अजून आहेत. एक निळी, एक तांबडी. स्थलांतर दाखल्याची छायाप्रत मी दोन्हीत ठेवलीय.